दर दहा मिनिटाले एक रीडिंग

चाचा, भाभी, रफिकभाऊच्या घरची मंडळी, शेडमधले माह्ये भाऊ, अन् पुढच्या रांगेत बसलेले साहेबलोक.

मी देवराव. दोन नंबर शेडचा ऑपरेटर. मले भाषन देता येत नाई. रफिकभाऊ जाऊन आज नववा दिवस, अन् या नऊ दिवसांत माह्या तोंडातून धड एक वाक्य निंगालं नाई. घरी बायको विचारते, जेवता का, तं मी तिच्याच अंगावर धावून जातो. आज इथी उभा झालो. दुःखानं उभा झालो असं समजू नका. रागानं उभा झालो.

सकाळी ऑफिसातून मले एक कागद आला. टाइप केलेला. म्हने, देवराव, शेडच्या वतीनं तू बोल, अन् हेच वाच. काय लिहिलं आहे, ऐका. "आमचे सहकारी, केमिस्ट रफिक यांचे दुर्दैवी अपघाती निधन झाले. ते अत्यंत मनमिळाऊ होते. आम्ही त्यांच्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहोत." अन् खाली माह्यं नाव. बाप्पा! मी अजून तोंड उघडलं नवतं, अन् माह्यं दुःख टाइप होऊन आलं.

मॅनेजर साहेब, हा कागद मी वाचनार नाई. आधीच भरून ठेवलेले कागद आपन बहुत वाचले. आता जे सांगीन ते माह्या तोंडचं आहे, अन् त्यातलं अर्धं माह्याच विरुद्ध आहे. कोनाले उठून जायचं असन तं आताच जा.

नाई जात? मग ऐका.

रफिकभाऊ या चाचाचा पोरगा. परकोटाच्या आतल्या गल्लीत चाचाचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, एक मानूस कसाबसा बसन एवढं. त्या दुकानातून चाचानं पोराले एम.एस्सी. केलं. संगं शिकलेले सगळे मुंबईले गेले, हैदराबादले गेले. हा वापस आला. मी एकदा विचारलं, काऊन आला गा वापस? तं म्हने, "भाऊ, तिथं हजार रफिक आहेत. इथी एक तं असू दे." असा हसला, जसा काही मोठा जोक केला.

त्याच्या खिशात एक स्टॉपवॉच राहे. चाचानं दुरुस्त करून दिलेलं. शेडमधले सगळे त्याले चिडवत, "रफिकभाऊ, कोनती रेस आहे आज?" तो म्हने, "आहे ना. तुमाले दिसून नाई राह्यली."

आता भाभी, तुमाले अन् बाकीच्या बायाले हे समजलं पायजे, म्हनून सांगतो. आपल्या कारखान्यात कॅप्सूल बनत नाई. कॅप्सूलच्या आधीचा माल बनते. पेनिसिलिन येते, त्याची एक बाजू छाटायची, गाभा तेवढा ठेवायचा. तो पांढरा गाभा मोठ्या कंपन्या नेतात, त्याले दुसरी बाजू जोडतात, तेव्हा कुठी औषध होते. तुमच्या लेकराले निमोनिया झाला की डॉक्टर ज्या कॅप्सूल देते, त्याच्यातला गाभा माह्या शेडमधून गेला असन.

छाटायची कशी? जुनी पद्धत काय आहे माहीत आहे? फॉस्फरसची ती भुकटी. तिच्यावर पान्याचा थेंब पडला तं धूर निंगते, डोळे फुटाले येतात, छाती बंद होते. वरून सॉल्व्हंट, म्हनजे माल विरघळवनारं रसायन. अन् टाकी ठेवायची उणे चाळीस डिग्रीवर. उणे चाळीस! आपल्या चंद्रपुरात! मे महिन्यात बाहेर सत्तेचाळीस असते, मानसं उकळून राह्यली असतात, अन् इथी एक म्हातारा कॉम्प्रेसर घरघर करत उणे चाळीस राखून राह्यला. थंडी गेली की माल पेटला समजा. हे साहेबाले माहीत नवतं? चांगलं माहीत होतं.

रफिकभाऊनं दुसरी वाट काढली. एन्झाइम. साबुदान्याएवढे पांढरे दाने. साध्या पान्यात टाकायचे, पानी कोमट, तीस डिग्री. हे दानेच ती बाजू छाटतात. ना धूर, ना मास्क, ना उणे चाळीस. काम झालं की गाळून घ्यायचे, धुवायचे, पुन्हा वापरायचे. मी पहिल्यांदा पाह्यलं तं मले खरं नाई वाटलं. टाकीतून मधासारखा वास येत होता. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये मी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

पन तो नुसता दाने टाकून बसनारा नवता. किती वेळात किती काम होईन, माल किती टाकायचा, कधी थांबायचं, हे त्याले आधीच गनितानं सांगायचं होतं. लॅबमधल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर टेबलफॅन लावून तो समीकरनं मांडत बसे. मी म्हनलं, मले काही समजत नाई गा. तं दुसऱ्या इतवारी माह्या गावाले आला. ब्रह्मपुरीकडे आमचा तलाव आहे, आमी धिवर लोक, मासोळीवर जगनारे. दिवसभर काठावर बसून पाहत राह्यला. मग म्हने, "देवरावभाऊ, तलावात मासोळी दुप्पट सोडली तं तुमच्या जाळ्यात दुप्पट येईन का?" मी म्हनलं, कशी येईन? जाळं तं तेवढंच आहे. "अन् धरलेली मासोळी जाळ्यातून काढलीच नाई तं?" मी म्हनलं, मग नवीन घुसनच नाई, जाळं अडून जाईन. तो टाळी वाजवून म्हने, "बस! हे जाळं म्हनजे माह्ये दाने. अन् छाटलेली बाजू त्याच्यातच अडकून बसते. म्हनून काम आधी जोरात चालते, मग हळू होत जाते. किती हळू, एवढंच मले मोजायचं आहे."

तेव्हापासून मले समजलं. एम.एस्सी. त्यानं केलं होतं, पन मले शाना करून सोडलं.

लहान काचेच्या भांड्यात त्यानं सांगतलं तसंच दर वेळेस झालं. मग साहेबानं मोठ्या टाकीत करून पाह्यची परवानगी दिली. टाकी माह्या शेडची. पाळी माही. रफिकभाऊ माह्याजवळ आला अन् एकच गोष्ट मागतली. ती गोष्ट आज मी तुमच्या सगळ्याच्या समोर पुन्हा सांगतो. तो म्हने, "भाऊ, जसजसं काम होते तसतसं पानी आंबट होते. ते राखाले अमोनिया थोडा थोडा सोडायचा. जेवढा अमोनिया गेला तेवढंच काम झालं. मले दर दहा मिनिटाले एक रीडिंग पायजे, किती गेला त्याचं. खरं रीडिंग. वाकडं आलं तं वाकडं लिहा. पन खरं लिहा."

दर दहा मिनिटाले एक रीडिंग. काय मागतलं होतं त्यानं? माही जमीन मागतली होती का?

आता वासुदेवभाऊ, तुमी तिसऱ्या रांगेत बसले आहा, मान खाली घालू नका. मी नवीन होतो तेव्हा पहिल्याच दिवशी तुमी मले काय शिकवलं? पाळी सुरू झाली की पंधरा मिनिटांत आठ तासाची शीट भरून घ्यायची. मग चहा प्याले मोकळे. आकडे तं रोज तेच असतात. अन् मधात मधात पेन बदलायचा, म्हनजे खरं वाटते. शिकवलं का नाई? मी तुमाले दोष देत नाई, तुमाले दुसऱ्यानं शिकवलं. आपल्या शेडमध्ये लोक "जय भीम, राम राम" नंतर पहिलं काय विचारतात? "शीट भरून घेतली का?"

अन् साहेब, तुमाले हे माहीत नवतं असं इथी चाचासमोर म्हनून दाखवा. एक वर्ष मी खरे आकडे लिहून पाह्यले होते. वरखाली आकडे, एखादा खोडलेला. मले मेमो आला. "नोंदी अस्वच्छ. खाडाखोड आढळली." तुमाले स्वच्छ शीट पायजे होती. आमी स्वच्छ देत गेलो. टाकीत काय चाललं आहे ते कोनालेच नको होतं. त्या एका रफिकभाऊले पायजे होतं.

त्या दिवशी मी काय केलं, आता सांगतो. दोन वाजता पाळीवर आलो. सवयीनं पेन काढला. दर दहा मिनिटाले अमोनिया दोन लिटर, दोन लिटर, दोन लिटर. सरळ खालपर्यंत. मले जाळ्याची गोष्ट समजली होती हो! काम हळू होत जाते हे मले माहीत होतं! तरी हातानं सरळ लिहून टाकलं. हाताले सवय होती, दुसरं काय. पाळी संपत आली तेव्हा वर जाऊन पाह्यलं तं अमोनियाची टाकी अर्धी भरलेली. शीट म्हने, सगळा गेला. पाळी बदलाले मानूस येऊन राह्यला होता. आता शीट खोटी पडन ना! म्हनून मी काय केलं? वॉल उघडला. उरलेला सगळा अमोनिया एकदम सोडून देला.

शीट खरी दिसावी म्हनून मी टाकी नासवली. असा मूर्ख तुमी पाह्यला आहे का कुठी? इथी पाहून घ्या.

अमोनिया एकदम पडला की ते दाने मरतात. मालही खराब होते. तीन बॅचा अशाच गेल्या. तिन्ही वेळेस मी अन् माह्यासारखे दुसरे.

रफिकभाऊ ग्राफ घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर असा गोंधळ होता... म्हने, "देवरावभाऊ, ही रेघ सरळ कशी? लहान भांड्यात तं वाकत होती. तुमी खुद पाह्यलं ना?" मी म्हनलं, "हो ना बावा, खुद पाह्यलं." त्यानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हने, "मग माह्यंच काही चुकून राह्यलं."

त्याचं काही चुकलं नवतं. त्याचं गनित बरोबर होतं. त्यानं माह्यावर भरोसा ठेवला अन् आपल्या गनितावरचा काढून घेतला. आपली बरोबर समीकरनं खोडून, माह्ये खोटे आकडे बसतील अशी नवीन मांडत बसला. महिनाभर. आता सांगा, ही चोरी नाई तं काय आहे?

मग मीटिंग झाली. साहेब, तुमी म्हनले होते, "पुस्तकातलं शहाणपण इथं चालत नाही, रफिक. जुनी पद्धत आपल्याला जमलेली आहे." मी दारात उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं मले. 'साहेब, आकडे खोटे होते.' बस, चार शब्द. नाई बोललो. नोकरी जाईन म्हनून नाई बोललो. दाने स्टोअरमध्ये गेले, अन् फॉस्फरसची भुकटी वापस आली.

आता त्या दिवशीचं. तुमी सगळ्यांनी अपघाताची नोटीस वाचली असन. बोर्डावर लावली आहे. "नोंदीनुसार टाकीचे तापमान योग्य होते. केमिस्टने परवानगीशिवाय टाकीजवळ जाऊन हस्तक्षेप केला." वा! म्हनजे रफिकभाऊ आपल्याच चुकीनं मेला. मरून गेलेल्या मानसाच्या माथी मारलं, कारन तो उठून बोलनार नाई.

मी तिथी होतो. मी सांगतो.

दोन वाजता पाळी सुरू झाली. उन्हानं पत्रे तापले होते, कॉम्प्रेसर धापा टाकून राह्यला होता. मी शीट भरून घेतली. उणे चाळीस, उणे चाळीस, उणे चाळीस. रात्री दहापर्यंत. साडेचारच्या आधी रफिकभाऊ लॅबमधून पळत आला. हातात नमुन्याची बाटली. माल तांबडा पडला होता. त्यानं शीट पाह्यली. मग माह्याकडे पाह्यलं. म्हने, "भाऊ, खुद पाह्यलं?"

या वेळेस मी काही बोललो नाई.

तेवढ्यानं त्याले समजलं. सगळं समजलं. आजचंही अन् त्या सरळ रेघेचंही. मी पाह्यलं त्याच्या डोळ्यात. शिवी द्यायला पायजे होती त्यानं मले. एक थोबाडीत मारायला पायजे होती. नाई मारली. सरळ शिडी चढला, थर्मामीटर पाह्यला, अन् वरून ओरडला, "सगळे बाहेर! देवरावभाऊ, सगळ्याले बाहेर काढा!" आमी अकरा जन पळालो. तो वॉल बंद कराले वर थांबला. आमी दारात पोचलो अन् मागून झाकन उडालं.

त्या अकरा जनांतले जे इथी बसले आहेत, त्यांनी आपापल्या छातीवर हात ठेवा. त्यात हवा जाऊन राह्यली ना? ती त्याची आहे.

नागपूरच्या वाटेवर, वरोऱ्याच्या पुढं, जीपमध्ये तो गेला. माह्या मांडीवर डोकं होतं.  

अन् त्याच संध्याकाळी साहेबानं मले केबिनमध्ये बोलावलं. समोर कोरी शीट. म्हने, "देवराव, पहिली शीट फाडून टाक. यावर साडेचारपर्यंतच लिही. खाडाखोड नको." टाकी साडेचारले उडाली, अन् माह्या शीटवर रात्री दहापर्यंत उणे चाळीस होतं ना! ती कशी दाखवनार? मी नवीन लिहिली. सही केली. अन् ऐका, चाचा, हे पन ऐका. तुमच्या पोराच्या रक्ताचे डाग माह्या शर्टवर होते, अन् ती शीट लिहिताना मी मधात दोनदा पेन बदलला. खरं वाटावं म्हनून. थू माह्या जिंदगीवर!

पन पहिली शीट मी फाडली नाई. साहेब, "हो" म्हनलो, पन फाडली नाई. डब्याच्या पिशवीत घालून घरी नेली. हे पाहा. हीच ती. रात्री दहापर्यंत उणे चाळीस. खाली माही सही. साडेचारले जी टाकी राह्यलीच नाई, तिचं साडेपाच तासाचं तापमान!

बसा, साहेब. आता काऊन उठून राह्यले? मघाशी जायचं होतं तं गेले नाई.

उद्या अकरा वाजता नागपूरहून चौकशीचे साहेब येनार आहेत. त्याइच्या हातात मी ही शीट देनार. अमोनियाचंही सांगनार. माही नोकरी जाईन, मले माहीत आहे. केस होईन, होऊ द्या. बायकोले कालच सांगतलं. ती रडली, मग म्हने, "जा. पन या वेळेस खरं सांगून या." वासुदेवभाऊ, तुमी या माह्यासंगं. बाकीचेही या. एकट्या देवरावनं सांगतलं तं म्हनतील, हा येडा झाला. अकरा जन बोलले तं ती नोटीस बोर्डावरून काढावी लागन, अन् रफिकभाऊच्या नावावरची चूक ज्याची आहे त्याच्या नावावर जाईन. माह्या नावावर येईन तेवढी मी घेतो. साहेब, तुमची तुमी घ्या.

चाचा, परवा मी तुमच्या दुकानात आलो होतो. सगळं सांगतलं. मले वाटलं, हाकलून द्याल. तुमी डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. मग म्हनले, "मेरेको वो दवाई का कुछ नई समझता. मगर मेरा लडका टाइम गलत नई लिखता." मी माफी मागाले आलो होतो, पन तुमच्या त्या बोलन्यावर माह्या तोंडातून माफीचा शब्दच निंगाला नाई. आजही मागत नाई. उद्या अकरानंतर मागीन.

आता शेवटचं. शोकसभेत दोन मिनिटं उभं राह्याचं असते. सगळ्याले माहीत आहे ते दोन मिनिटं कसे असतात. चाळीस सेकंदांत कोनी तरी खोकलते, अन् बोलनारा म्हनते, "ओम शांती, बसा." तेही आपन भरूनच घेतो.

आज दोन मिनिटं नाई. आज दहा मिनिटं. पूर्ण. तो इतके दिवस आपल्याले तेवढेच मागून राह्यला होता, अन् आपन एकदाही दिले नाई. लांब वाटन. पाय दुखतील. मधात वाटन की झाले असतील, पन अंदाजानं कोनी बसू नका. हे त्याचं स्टॉपवॉच. सामानासंगं चाचाच्या घरी वापस आलं होतं. काटा दहा वेळा पुरा फिरन तेव्हाच बसायचं.

उभे राहा सगळे. साहेब, तुमीही.

चाचा, बटन तुमी दाबा.